आईचे मळ्यातले रविवार

आमचा मळा प्लॉट पाडून लेआउटमध्ये गेला आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही नाशकातच द्वारका चौकाजवळ फ्लॅटमध्ये राहायला आलो. मी खूश होतो. सातपूरच्या कारखान्यात जायला बस दारातून मिळायची. आईची मात्र झोप उडाली. जन्मभर भाजी आणि झेंडू लावलेली बाई, तिसऱ्या मजल्यावर काय लावणार? वर्षभरात ब्लडप्रेशर जडलं, दोन गोळ्या सुरू झाल्या, आणि बोलणंही कमी होत गेलं.

मग मी दर रविवारी तिला मोटारसायकलवरून पेठ रोडला मामाच्या मळ्यात सोडू लागलो. चपला काढून ती सरळ वाफ्यात शिरायची, झेंडू खुडायची, मामीला निंदणीतल्या चुका दाखवायची. संध्याकाळी घरी आली की भाकरी मागून घ्यायची आणि नऊला घोरायला लागायची. तीन-चार महिन्यांत डॉक्टरांनी एक गोळी बंद केली. मी कारखान्यात सगळ्यांना सांगत सुटलो, जसं काही ते औषध मीच शोधलं होतं.

एका रविवारी ती वाफ्यातच चक्कर येऊन पडली. माझी पाचावर धारण बसली. मामाला बजावलं, यापुढे तिला कामाला हात लावू द्यायचा नाही. मामा शब्दाचा पक्का. पुढच्या रविवारी त्याने बांधावर आंब्याखाली खुर्ची मांडली. आई मांडीवर पिशवी घेऊन दिवसभर तिथे बसली. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी मी गाडी काढली, तर ती खाली उतरलीच नाही.

"माझ्याच भावाच्या मळ्यात मला पाहुणी केलं तू," ती म्हणाली. "नाय यायचं मला."

मीही हट्टी. म्हटलं, राहू दे, चार दिवसांनी स्वतःच चल म्हणेल. त्या हट्टाची मला आजही लाज वाटते. ती पुन्हा कधी म्हणाली नाही. गोळ्या दोन झाल्या, मग तीन. तीन वर्षं ती गॅलरीत बसून चौकातल्या गाड्या बघत राहिली. एका दुपारी अर्धांगाचा झटका आला आणि आठवड्यात गेली.

दहाव्याला घाटावरून परतताना मामा माझ्याजवळ आला. त्या दिवशीची चक्कर कामाने आली नव्हती, म्हणाला. तिला चतुर्थी होती. सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. डॉक्टरांनी उपास बंद करायला लावले होते, म्हणून तिने माझ्यापासून लपवलं आणि त्यालाही शपथ घातली.

"मला वाटलं, तू इचारशील तिला," मामा म्हणाला.

मी तिला उचलून गाडीवर बसवलं होतं, घरी येईपर्यंत रागावत होतो, आणि जेवलीस का, एवढंही विचारलं नव्हतं.