नकाशातून गाळलेला आमचा थांबा

सोलापूरकरांनो, राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते.

आज सकाळी शहराच्या जुन्या सिटी बसमार्गांचं प्रदर्शन होतं. आईला घेऊन गेले. सत्तरच्या दशकात ती गिरणीत कामाला होती. तेव्हा बस आमच्या बौद्ध वस्तीसमोरून जायची, पण थांबायची नाही. गिरणीच्या भोंग्याआधी पोचलं नाही तर दिवसाची मजुरी बुडायची. शेवटी एका सकाळी आई आणि वस्तीतल्या बायका बससमोर रस्त्यात बसल्या, तेव्हा कुठं थांबा मिळाला.

आज भिंतीवरच्या नकाशात मागचा थांबा होता, पुढचा होता. आमचाच नव्हता.

मी विचारलं, तर संयोजक म्हणाले, "अहो मॅडम, फक्त महत्त्वाचे थांबे घेतलेत."

"महत्त्वाचे म्हंजे कुणाचे?" आई म्हणाली. "आमी उनात रस्त्यावर बसलो, ते काय उगंच व्हय?"

संयोजक हसले. माझं डोकंच फिरलं. पण मी काही बोलायच्या आत आईनं माझ्या पर्समधला पेन काढला. तिला लिहिता येत नाही. तिनं नकाशावर आमच्या थांब्याच्या जागी एक ठसठशीत ठिपका काढला.

"नकाशा खराब केलात!" ते ओरडले.

"आता बरोबर झाला," मी म्हटलं.

तुमच्या आईवडिलांच्या कष्टाची जागा अशी कुणी गाळली, तर तुम्ही गप्प बसाल?