नलूची उजळलेली तसबीर

लालबाग-परळमधल्या दिवंगतांचा वर्ण एकच आहे, याचे श्रेय तात्या पेडणेकरांना. चिंचपोकळीच्या एका फोटो स्टुडिओत त्यांनी एकतीस वर्षे मृतांच्या छायाचित्रांवरून बारीक कुंचला फिरवला. सुरकुत्या बुजवल्या, डाग घालवले, जन्मभर वैतागलेल्या माणसांच्या मुद्रेवर समाधान आणले. नातेवाईक खूश; ज्यांचा फोटो, त्यांना तक्रार करण्याची सोय नव्हती.

गेल्या वर्षी पत्नी नलू गेली, तेव्हा हेच कौशल्य त्यांनी घरी तिच्या फोटोवर वापरले. हार घातल्यावर शेजारच्या राधाबाईंनी विचारले, "ह्या कोण?" तात्यांनी फोटोकडे पाहिले. त्यांनाही सांगता येईना.

वर्षश्राद्धापूर्वी नलूचा खरा चेहरा भिंतीवर यावा, एवढ्यासाठी सदुसष्टाव्या वर्षी ते दादरच्या व्यक्तिचित्रणाच्या वर्गात दाखल झाले. शिकवणारी सुरुची सत्तावीस वर्षांची. तिच्या मते चेहऱ्याला रंग नसतो, थर असतात. आधी हिरवट, तो वाळला की विटकरी, त्यावर तुटक फटकाऱ्यांनी पिवळसर, असा की खालचे थर मधूनमधून दिसत राहावेत. हिरवी नलू पाहून तात्यांना गरगरले. शिवाय फटकारा उमटला की त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा आपोआप पुढे होऊन तो सारवून टाकी.

"काका, परत पुसलंत."

"खडबडीत दिसतंय हो, मॅडम."

"माणूस आहे ना तो? लादी नाहीये."

चार कॅनव्हासांवर चार गुळगुळीत, परक्या बायका जमल्या. अखेर सुरुचीने त्यांचा डावा हात रुमालाने खुर्चीला बांधला. मान्यताप्राप्त कला-विद्यालयांत ही अध्यापनपद्धती आढळत नाही. परिणाम मात्र झाला. पाचव्या चित्रात भुवयांमधले दोन आडमुठे फटकारे जसेच्या तसे राहिले, त्यांच्यामधून विटकरी रंग डोकावला आणि तात्या खुर्चीत मागे सरकले. सांगितलेली भाजी विसरून आलेल्या माणसाकडे पाहावे, तशी नलू त्यांच्याकडे पाहत होती.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी मुलगी मनूने चित्र पाहिले.

"आई आहे," ती म्हणाली. "अगदी आई. पण बाबा, पाहुण्यांसमोर हिला इतकी चिडलेली कशी ठेवायची?"

समाजाच्या भावनांचा मान राखून श्राद्धाला त्या गोऱ्या, समाधानी, अनोळखी बाईंनाच हार चढला. पाहुण्यांनी हात जोडले आणि फोटो हुबेहूब असल्याचे सांगितले. तात्या आतल्या खोलीत ठेवलेल्या चित्रातल्या नलूसमोर जेवायला बसले आणि कारल्याची भाजी त्यांनी न कुरकुरता संपवली.