जात्याच्या आडून

ताज्या ज्वारीच्या पिठाचा वास आला की मला अमरावतीच्या घरातली ती पहाट आठवते. कापसाला सोन्याचा भाव आला होता, रस्त्यावर गाड्यांचा खडखडाट थांबत नसे, आणि पाद्रीसाहेबांकडून आणलेली येशूच्या शुभवर्तमानाची पोथी मी सरकीच्या पोत्यात लपवली होती. वडिलांना कळतं, तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं. बायको दळायला बसली की जात्याच्या घरघरीत मी रोज पानभर वाचायचो. मनातल्या मनात वाचणं मला कधी जमलंच नाही. त्या दिवशी जात्याचा खुंटा निखळला आणि घरात माझा एकट्याचा आवाज उरला, "बापा, आजची भाकर आज दे." ओसरीवरून वडील गरजले, "काय बोलून राह्यला रे तू?" त्यांची पावलं दारापर्यंत आली. पोथी माझ्या मांडीवर उघडीच होती. तेवढ्यात बायकोनं खुंटा ठोकला, जातं ओढलं आणि ओवी धरली, "आजची भाकर देवा, आज दे आमाले." वडील दाराबाहेरच थबकले. "बायकोच्या ओव्या कायले घोकून राह्यला बे?" म्हणत परत गेले. "तुले कसं येते हे?" मी कुजबुजलो. "रोज आयकतो ना मी," ती मान वर न करता म्हणाली. आता ती नाही आणि लपवायचंही काही उरलं नाही. रोज पहाटे मी मोठ्यानं वाचतो, त्या ओळीपाशी येतो, आणि तिनं ती उचलावी म्हणून थांबतो.