अळसांदे उगवेपर्यंत

२०२२ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या जून महिन्यात आमच्या गावच्या शाळेत जी बाई आली तिच्याइतकी विचित्र मास्तरीण अख्ख्या पेडणे तालुक्यात झाली नाही आणि पुढे होणार नाही. मी सांगतो म्हणजे ते तसंच आहे. माझं शिक्षण दुसरीपर्यंत. तिसरीत मला कुणी घेत नव्हतं अशातला भाग नाही, मलाच जायचं नव्हतं. पण शाळेवर मत द्यायचा हक्क माझ्याएवढा गावात दुसऱ्या कुणाला नाही, कारण शाळा आणि माझं घर यांच्यामध्ये फक्त कमरेएवढा चिऱ्यांचा गडगा आहे, आणि सोप्यावर बसलं की वर्गाची दोन्ही जनेलं, म्हणजे खिडक्या, सरळ समोर येतात. डिचोलीच्या खाणींवर मी उभी हयात खनिजाचा ट्रक चालवला. पुढचा हलत नसेल तर हॉर्न मारायचा, ही माझी शिकवण. आणि ही बाई म्हणजे चालत्या यंत्राला मध्येच थांबवून बसवून ठेवणारी.

शाळेला एक प्रोजेक्टर आणि चार टॅब आधीच आले होते, पण ते कपाटात कुलुपात होते. बिघडले तर कोण निस्तरणार, म्हणून कुणी हात लावत नव्हतं. बाईने आल्या आल्या कपाट उघडलं आणि त्या यंत्रांचा जो संसार मांडला तो पाहून गावातल्या बायका हसून हसून दमल्या. पावसाळ्यात आमच्याकडे भिंतीलासुद्धा बुरशी येते, म्हणून टॅब ठेवायचे पत्र्याच्या डब्यात, आणि डब्यात भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंड्या. तांदूळ भाजून द्यायची माझी सून. तिने एकदा उकडे तांदूळ दिले तर बाईने ते परत पाठवले, की ह्यांना सुरय, म्हणजे न उकडलेला तांदूळ लागतो, उकडा चालत नाही. प्रोजेक्टरचं तर विचारूच नका. संध्याकाळी तो गोधडीत गुंडाळून स्कूटरवर पायांशी बसवून घरी न्यायची, सकाळी तसाच आणायची. पाऊस असला तर स्वतः भिजायची आणि रेनकोट त्याला. मी सोप्यावरून ओरडायचो, "बाई, बाळंतीण बरी आसा मगे?" ती स्कूटर न थांबवता म्हणायची, "बरी आहे आजोबा, काल जरा अंग तापलं होतं!"

पण खरा विचित्रपणा वर्गात होता. सुरुवातीच्याच दिवसांत तिने पोरांना भिंतीवर बी उगवण्याचं हलतं चित्र लावलं. मातीत एक बी, ती फुगते, सालीला चीर जाते, आता कोंब बाहेर येणार, पोरं बाकांवर उभी राहिली, मीही गडग्याशी गेलो, आणि बाईने उजवा हात वर केला, तळवा पुढे, वाहतूक पोलिसासारखा, आणि डाव्या हाताने चित्र थांबवलं. बस. पोरांनी आरडाओरडा केला. बाईने पिशवीतून अळसांदे काढले, चवळीचा आमचा जाडा दाणा, ते करवंट्यांतून मातीत पुरायला लावले आणि करवंट्या माझ्या गडग्यावर ओळीने मांडल्या. मला न विचारता. पोरांना म्हणाली, "आधी आपले येऊ देत. मग यंत्रातला."

आता यात माझ्या कोंबड्यांचा काय दोष? गडगा त्यांचा, त्या त्यावर फिरणार. दुसऱ्या सकाळी सगळ्या करवंट्या उकरलेल्या. मला वाटलं आता तरी बाई उरलेलं चित्र दाखवील. छे. पुन्हा अळसांदे, पुन्हा माती, आणि भिंतीवर रोज ती फुगलेली बी तशीच्या तशी. त्याच दिवसांत वरचे साहेब शाळा बघायला आले. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं, विचारलं, "हे अडकलंय का?"

"नाही साहेब, वाट बघतंय."

"कुणाची?"

"अळसांद्यांची."

साहेबांनी यावर काय लिहून नेलं ते देवाला ठाऊक. कोंब आले त्या दिवशी मात्र पोरांनी करवंट्या मांडीवर घेऊन उरलेलं चित्र पाहिलं, आणि एक पोरगं भिंतीकडे बोट करून म्हणालं, "बाई, हेच्यापरस माझो बरो." मी बाईला गडग्यावरून विचारलं की एवढं करायचं होतं तर यंत्र कशाला? तिने खडूचे हात झाडले. "यंत्राला घाई असते, आजोबा. पोरांना नसते. मी मध्ये उभी राहते, एवढंच काम माझं." मला ते पटलं नाही. आजही पूर्ण पटलेलं नाही.

पण तिच्या त्या वर केलेल्या हाताशी माझी गाठ पडली ती माझ्या नातीवरून. मनू तिसरीत होती. ती बोलताना अडखळते. शब्दाच्या तोंडाशी येऊन थांबते, मान हलते, डोळे मिटतात. घरात अडचण नव्हती, कारण ती अडली की शब्द मी पुरा करत असे. पाणी हवं, पेज हवी, मला आधीच कळायचं. आजा कशाला असतो? वर्गात मात्र ती तोंडच उघडत नसे. माझा मुलगा तुये गावच्या फॅक्टरीत आहे. त्याने आणि सुनेने ठरवून टाकलं की शाळेच्या वार्षिक संमेलनापर्यंत बघायचं. पोर चार लोकांत एक वाक्य बोलली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी बस लावून शहरातल्या इंग्रजी शाळेत. तिथे खास शिकवणारे असतात म्हणे. पण तिथल्या शाळेत तिचा शब्द अडला तर पुरा कोण करणार, हे मला रात्रंदिवस खात होतं.

अशात एका दुपारी मनू टॅब घेऊन माझ्यापुढे उभी. बाईने सांगितलं होतं, घरातल्या माणसाचं बोलणं यंत्रात धरून आणा. ती म्हणाली, "आजो, गा... गा..."

"गाऱ्हाणा," मी म्हटलं, आणि लगेच भडकलो.

गावात देवापुढे गाऱ्हाणं घालतो तो मी. जत्रा असो, नवं घर असो, कुणाची बोअरवेल असो, नारळ ठेवून देवाला गावाच्या वतीने सांगायचं आणि जमलेल्या लोकांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते काय गाणं आहे, डब्यात भरून ठेवायला? मी तसाच लुंगी सावरत शाळेत गेलो. "बाई, उद्या तुमचा यंत्र देवाकडे बोलतला, आणि 'व्हय म्हाराजा' कोण म्हणतला? तांदूळ?"

वर्ग खो खो हसला. बाई हसली नाही. म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. नाही धरणार. पण मग संमेलनाला येऊन तोंडी घाला. नवा पडदा लावणार आहोत, आमच्या यंत्राला गाऱ्हाण्याची फार गरज आहे." मी जिंकलो होतो, म्हणून हो म्हटलं. मनू खाली बघत बाकावर बसली होती. मी तिला म्हटलं, "काय गो, तू नारळ धरशीत मगे?" ती म्हणायला लागली, "ध... ध..." मी तोंड उघडलं तर समोर बाईचा हात. तळवा पुढे. माझ्यासाठी! गावात माझ्यापुढे हात धरणारा अजून जन्मायचा होता. मी रागाने तिथून निघालो. पायरी उतरताना मागून ऐकू आलं, "धरतंय."

संमेलनाला अंगण भरलं होतं. मुलगा आणि सून पुढच्या रांगेत होते. पडद्यापुढे पाटावर प्रोजेक्टर, शेजारी मनू नारळाचं तबक धरून. मी धुतलेला सदरा घालून सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! आज ह्या शाळेत ह्यां जा यंत्र बसयला हा, तां पोरांपुढे सरळ चालू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जी लाईट येता आणि जाता, ती येवन रवू दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण उंदीर वायरीत शिरात, तेका शेजाऱ्याकडची वाट दाखव रे म्हाराजा!"

हशा आणि व्हय म्हाराजा एकदम आले. मी पुढचं घ्यायला छाती भरली आणि आवाजच फुटेना. खाणीची धूळ आहे ती, वर्षानुवर्षांची, मधूनच नरड्यात येऊन बसते. मी खोकलो, पुन्हा खोकलो. मुलगा उठून पुढचं सांगायला लागला, तेवढ्यात बाईचा हात वर गेला. तो बसला. कुणी हललं नाही. चित्र थांबवल्यासारखे सगळे लोक थांबले, आणि त्या शांततेत माझ्या कोपराशी एक बारीक आवाज आला.

"बा देवा म्हाराजा... ही जी बा... बा..."

शब्द माझ्या जिभेवर होता. नरडं बसलं होतं म्हणून नव्हे, तो हात अजून वर होता म्हणून मी गप्प राहिलो. मनूने डोळे मिटले. मान एकदा हलली, दोनदा हलली. सुनेने पदर तोंडाशी धरला.

"...बाई आमच्या शाळेत इली हा, तिचा बरा कर रे म्हाराजा!"

मग जे 'व्हय म्हाराजा' झालं ते पलीकडच्या वाड्यापर्यंत गेलं असणार.

नंतर सून धावत बाईकडे गेली, टॅबमध्ये धरलंत का, मला पुन्हा ऐकायचंय. टॅब टेबलावर पालथे होते. बाई म्हणाली, "नाही. आजोबांनी नको म्हटलं होतं." सून माझ्याकडे जे पाहत राहिली! मी म्हटलं, बरा झाला. पण खरं सांगतो, कधीकधी सोप्यावर एकटा असलो की वाटतं, ऐकायला मिळालं असतं तर काय बिघडलं असतं?

मनू शाळेतच राहिली. बाई नाही राहिली. वर्ष संपता संपता तिची बदली झाली, पार डिचोलीच्या पलीकडे. शेवटच्या दिवशी स्कूटर काढली तेव्हा पायांशी गोधडी नव्हती, प्रोजेक्टर शाळेचा, शाळेतच राहिला. मी सोप्यावरून काहीतरी ओरडणार होतो, तेवढ्यात तिनेच जाता जाता सांगितलं, "आजोबा, कोंबड्या सांभाळा." स्कूटर वळणाआड गेली आणि गडग्यावर रिकाम्या करवंट्या तेवढ्या दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनू माझा चहा आणि पाव घेऊन सोप्यावर आली. कप हातात ठेवून ती काहीतरी सांगायला लागली, "आजो, आज अ... अ..." मला कळलं होतं. कोंबड्या झाकून ठेवायच्या होत्या तिला, करवंट्यांत अळसांदे घालायचे होते. मी कप खाली ठेवला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि बसून राहिलो. चहावर साय धरली. शब्द आला तेव्हा मी उठलो आणि कोंबड्यांच्या मागे लागलो.