रशीद सरांनी न सांगितलेले गाव

आदरणीय रशीद सरांची आणि माझी पहिली ओळख वडवणीतील आमच्या शाळेत, नववीच्या वर्गात झाली. सर इतिहास शिकवत. त्यांनी सर्वांना घरातले एखादे जुने नाणे आणायला सांगितले होते. तो दिवस बहुधा शनिवार असावा, पण खात्री नाही. सरांविषयी लिहिताना अंदाजाचे काही खरे म्हणून जाऊ नये, म्हणून हे आधीच सांगते.

आमच्या भागात नाण्यावर उर्दूसारखी अक्षरे दिसली की ते निजामाचे, असे सगळे धरून चालतात. वर्गातल्या बापूनेही एक झिजलेले नाणे ऐटीत पुढे केले.

"निजामाचं हाय सर. आज्याच्या पेटीत व्हतं."

सरांनी ते कडेने धरून उजेडात तिरपे केले. "यावर शिडाचं जहाज आहे. निजामाच्या राज्याला समुद्र कुठे होता?"

"बिंदुसरा नदीत चालवीत आसंल बे!" मागून कोणीतरी म्हणाले. वर्ग हसला, सरही हसले. मग त्यांनी बापूला विचारले, "घरातलं कोण आखातात गेलं होतं?" बापूचे चुलते कुवैतला ड्रायव्हर होते. नाणे कुठले हे विचारण्याआधी ते कोणाच्या हातून आले हे विचारायचे, ही सरांची रीत मी तेव्हा प्रथम पाहिली.

मी त्या दिवशी काहीच नेले नव्हते. आमच्याकडे दाखवण्यासारखी एकच वस्तू होती आणि ती देव्हाऱ्यात होती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेत गेलेले नव्हते, त्यामुळे शिक्षकांशी आपणहून बोलायची मला भीती वाटे. तरी तास संपल्यावर मी धीर करून सरांना सांगितले.

आईचे वडील, आमचे नाना, गवंडीकाम करत. एका एजंटामार्फत ते आखातात गेले. एकदा सुट्टीवर आले तेव्हा त्यांनी लहानग्या आईच्या हातावर एक पितळी चकती ठेवली. पुन्हा गेले ते परतले नाहीत. कोणत्या देशात, कोणत्या गावात होते, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आई त्या चकतीला रोज हळदकुंकू वाही. बाप कुठल्या गावात होता, एवढेच तिला कळायला हवे होते.

सर घरी आले. चपला काढून दारातच उभे राहिले. "ताई, तुम्ही म्हणाल तरच हात लावतो."

"आवो सर, लेकीचे मास्तर तुमी. घ्या की हातात."

देव्हाऱ्यातले नाणे घासायचे नाही, धुवायचे नाही, हा सरांचा नेम आहे. त्यांनी चकतीवर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवली. कागदावर अक्षरे उमटली.

"ताई, हे नाणं नाही. राजा नाही, साल नाही, किंमत नाही. हे टोकन आहे. एकच अरबी शब्द वाचता येतो, 'वजबा', म्हणजे एक वेळचं जेवण. कामगारांच्या खानावळीचं असावं."

आईने चकती उचलून तळहातावर घेतली. मग म्हणाली, "म्हंजी बापानं एक येळ उपाशी ऱ्हाऊन मला आणलं ह्ये."

"तसं असू शकतं. खिशात राहून गेलेलंही असू शकतं, ताई. मला कळतं ते पितळेपुरतं."

"तुमी पितळंचं बघा. बापाचं मला ठावं हाय."

गाव मात्र सरांनी सांगितले नाही. गल्लीत मी त्यांना गाठले आणि विनवले, "सर, एखादं नाव सांगून टाका ना. तिला तेवढंच पुरंल."

सर थांबले. "बेटा, मी आज एक नाव सांगितलं, तर उद्यापासून ती त्या गावाला हात जोडील. ते चुकीचं निघालं, तर तिचा बाप मी दुसरीकडेच नेऊन ठेवला, असं होईल."

पुढे एम.ए.च्या तोंडी परीक्षेत एका प्रश्नाला मी "माहीत नाही" असे सरळ सांगू शकले, ते या गल्लीतल्या बोलण्यामुळे. त्याआधी ते दोन शब्द उच्चारायची मला लाज वाटत असे.

चकतीचा छाप घेतला त्या दिवसापासून सर त्या कागदाच्या प्रती ठिकठिकाणच्या नाणेसंग्राहकांना पाठवत आहेत. कुठूनही 'इथले नाही' असा नकार आला तरी तो फोनवर न कळवता ते स्वतः घरी येतात. आई चहा ठेवते. "ताई, बसऱ्याचं नाही," असे सर सांगतात. "बरं झालं, एक गाव कमी झालं," असे आई म्हणते. मग तेलगावच्या कापसाच्या, पावसाच्या, माझ्या नोकरीच्या गप्पा होतात. आखातातली कितीतरी गावे मी अशी, चहाच्या कपासमोर, एकेक वगळली जाताना ऐकली आहेत. आमच्या घरी नानांचे नाव मोकळेपणाने निघू लागले ते या भेटींमुळेच.

सरांनी यंदा वयाची साठ वर्षे पूर्ण केली. त्यांना उत्तम आरोग्य लाभावे, डोळ्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहावी आणि पुढची अनेक वर्षे आमच्या दारात त्यांच्या चपला दिसाव्यात, ही मनापासूनची इच्छा. या लेखात सरांसाठी काय लिहू, असे मी आईला विचारले. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, गडबड करू नका. चुकीचं गाव मला नको. तब्येत जपा आन् सावकाश हुडका."