घंटीचा अळणी खाऊ

आमच्या विहीणबाईंच्या हाताला चव नाही. हे मी म्हणत नाही, त्यांचा मुलगा म्हणतो, म्हणजे माझा जावई. आता जावयाला खोटं कसं पाडायचं?

बाईंचा सगळा जन्म एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघरात गेला. कुणाचं पोट चिरलेलं, कुणाला मीठ बंद, कुणाला तेल बंद. अशांसाठी रांधता रांधता त्यांचा हात मिठाच्या बरणीची वाटच विसरला. निवृत्त होऊन घरी आल्या आणि हौसेनं सगळ्यांसाठी भाजी केली. पहिला घास घेऊन जावई म्हणाला, "आई, मी आजारी आहे का गं?"

सगळे हसले. त्याही हसल्या. पण दुसऱ्या दिवशी माझी लेक त्यांना म्हणाली, "आई, तुम्ही आता आराम करा." ऐकायला किती गोड! अर्थ एवढाच, की ओट्याजवळ येऊ नका. मी काय बोलणार? बोलणारी माझ्या पोटची, ऐकणारी माझी विहीण. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी तेव्हा गुडघा दुरुस्त करून लेकीकडे राहिले होते, विहीणबाईंच्याच खोलीत. एका म्यानात दोन तलवारी कशा राहणार, असं लोक म्हणायचे. पण दोन्ही तलवारी गंजलेल्या. भांडायला बाहेर काढायच्या तर आधी तेल घालावं लागलं असतं.

खाली जिन्याला लागून किल्लीवाल्याचं दुकान होतं. दुकान कसलं, कपाटच. भिंतीभर किल्ल्या टांगलेल्या, खाली लोखंडाचा चुरा, मधे किल्ली घासायचं यंत्र. त्या यंत्राच्या किरकिरीनं त्याचे कान गेले होते. तो पाठ करून कामात असला की गिऱ्हाइकानं कितीही हाका मारल्या तरी व्यर्थ. पण त्याच्याकडे एक तपकिरी कुत्री होती, एक कान उभा नि एक मुडपलेला. गिऱ्हाईक आलं की ती उठून त्याची पँट ओढायची. म्हणून तिचं नाव घंटी.

घंटी सगळ्यांची लाडकी. येणारा जाणारा तिच्यापुढे काहीतरी टाकायचा. कुणी तळलेल्या कोंबडीची कातडी, कुणी दुकानातली रंगीत कांडी. शेवटी एक दिवस ती पाठीची कमान करून ओकायला लागली ती थांबेचना. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सुई टोचली, सलाईन लावलं आणि सांगितलं, पोटात आतून सूज आहे. तेलकट, तुपकट सगळं बंद. बिनचरबीचं साधं मांस, थोडा मऊ भात, तेही घासघास. पण पोटात गेलं पाहिजे, नाहीतर कठीण आहे.

आणि घंटी तर वाटीकडे बघेना. किल्लीवाला मांस उकडून पुढे ठेवायचा, हात जोडायचा, रागवायचा. ती तोंड फिरवायची. गिऱ्हाइकं दुकानाच्या फळीवर ठोकून ठोकून परत जायला लागली.

"दुकान बंद करतो," तो आम्हाला म्हणाला. "हिच्याशिवाय मला कोण सांगणार, कुणी आलंय म्हणून? आणि दुसरं कुत्रं मी आणणार नाही."

विहीणबाई तशाच जिन्याकडे वळल्या. वर आल्या, पदर खोचला आणि थेट ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

"आई, कुत्रीसाठी माझा ओव्हन?" लेक म्हणाली.

"रोगी तो रोगी," विहीणबाई म्हणाल्या. "त्याला शेपूट आहे का, ते आम्ही बघत नसतो. सरक जरा."

लेक सरकली. मी खिडकीबाहेर बघत बसले, नाहीतर हसू दिसलं असतं.

त्यांनी कोंबडीच्या छातीचं मांस घेतलं. कातडी काढली, चरबीचा पांढरा धागासुद्धा सुरीच्या टोकानं वेचला. नुसत्या पाण्यात उकडलं. पाणी गार होऊ दिलं आणि वर साय धरावी तशी जी चरबी धरली ती काढून टाकली. मग मांसाच्या पातळ पट्ट्या करून ओव्हनमध्ये अगदी मंद आचेवर ठेवल्या, दाराला लाकडी चमचा अडकवून, म्हणजे वाफ बाहेर जावी. कांदा नाही, लसूण नाही, मीठ नाही. पट्टी वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. थोड्या कुस्करून त्यांनी भुगा केला. काय वास सुटला सांगू! मलाच लाळ सुटली, पण मला कोण देतंय?

खाली जाऊन त्यांनी मऊ भातात ते चरबी काढलेलं कोमट पाणी घातलं, वर चिमूटभर भुगा टाकला आणि किल्लीवाल्याला खांद्याला धरून भिंतीकडे वळवलं. स्वतःही वळल्या.

"रोगी जेवताना त्याच्याकडे बघायचं नाही," त्या त्याच्या कानाशी ओरडल्या. "बघितलं की घास अडतो. त्याला वाटतं, परीक्षा चाललीय."

दोघं किल्ल्यांच्या भिंतीकडे तोंड करून उभी, शिक्षा झालेल्या पोरांसारखी. जिन्यावर बसलेल्या मलाही दम मिळाला, पण मी बोटांच्या फटीतून बघितलंच. घंटीनं वास घेतला. जीभ लावली. मग दोन घास खाल्ले.

पुढे रोज तसंच चाललं. तिच्या डोळ्यांत जरा तेज आलं. शेपूट जमिनीवर एकदा तरी आपटायला लागली. डॉक्टरीणबाईही खूश. भिजवलेली एखादी पट्टी चालेल म्हणाल्या.

आणि एका सकाळी घंटी पुन्हा ओकत होती.

विहीणबाईंनी वाटी नाकाशी नेली. "लोणी?"

किल्लीवाल्यानं मान खाली घातली. म्हणाला, "मी एक पट्टी चाखून बघितली. काहीच नव्हतं हो तिच्यात! मीठ नाही, काही नाही. मला वाटलं, बिचारी रोज कसं खात असेल? म्हणून लोण्यात जराशी परतली."

मग जी सरबत्ती झाली ती सगळ्या जिन्यानं ऐकली. बहिऱ्याला रागवायचं म्हणजे गावजेवणच की! "जेवण तुझं आहे की तिचं? तुझ्या जिभेला काय विचारायचंय? ती तुझी जीभ लावून जेवते का?"

त्याचे डोळे भरून आले. "तिला जरा सुख मिळावं म्हणून केलं."

विहीणबाईंचा आवाज एकदम उतरला. इतका, की त्याला ऐकू गेलं नसणार. "सुख नंतर. आधी पोट."

पुन्हा डॉक्टर, पुन्हा सुई, पुन्हा चमच्यानं पाणी. लेकीनं न सांगता ओव्हनजवळचा आपला पसारा उचलला. मी बघितलं, पण बोलले नाही. कधी बोलू नये हे मला उशिरा का होईना कळलंय.

नंतरची एक सकाळ. मी जिन्यावर बसलेली. किल्लीवाला भिंतीकडे तोंड करून यंत्रावर किल्ली घासतोय, विहीणबाई शेजारी पाठमोऱ्या. मागे घंटी आणि तिची वाटी. एवढ्यात एक बाई आली आणि फळीवर ठोकलं. यंत्र किरकिरतच राहिलं. बाई परत फिरणार, तोच घंटी धडपडत उठली. पुढचे पाय लटपटले. तशीच गेली आणि त्याच्या पँटचं टोक दातात धरून ओढलं.

यंत्र थांबलं. तो वळला. गिऱ्हाइकाला काय हवं ते विचारायचं सोडून तो खाली बसला आणि कुत्रीच्या गळ्यात तोंड खुपसलं.

विहीणबाई मात्र भिंतीकडेच बघत ओरडल्या, "काय झालं? सांगा की. मी बघत नाहीये."

"पँट ओढली हो तिनं!"

"आणि वाटी?"

"चाटूनपुसून लख्ख."

तेव्हा कुठे त्या वळल्या. वाटी उचलून उजेडात धरली, पदरानं डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "विहीणबाई, खरं सांगा. चव नव्हती ना?"

"अजिबात नव्हती," मी म्हणाले.

"मग झालं," त्या म्हणाल्या आणि पदर खोचून जिना चढायला लागल्या.