शंभरची की चारशेची?

घरी फिल्म भरणाऱ्या मंडळींनो, आज एक साधी ऑर्डर देताना मी अडकले.

ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचं शंभर फुटांचं मोठं रीळ संपलं होतं. त्यातूनच कापून मी कॅमेऱ्यात बसणारे छोटे रोल भरते, गोधडीखाली हात घालून, अंधारात. हे मला नानांनी, माझ्या वडिलांनी शिकवलं. पांडेसऱ्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून सुटले की ते असेच रोल भरत बसायचे.

मी कायम शंभर आयएसओची फिल्म घेते. तिला भरपूर ऊन लागतं, आणि नाना रोज दारापुढच्या खाटेवर उन्हातच असायचे. माझे अर्धे फोटो त्यांचेच आहेत.

आज गुजराती दुकानदाराने फोनवर सहज विचारलं, "फोटा बहार पाडवाना के घरमां?" फोटो बाहेर काढायचे की घरात?

दिवाळीपासून नाना आतल्या खोलीतल्या पलंगावरून उठलेले नाहीत. तिथे उजेड म्हणजे एक ट्यूबलाइट.

"घरमां," मी म्हटलं, आणि कमी उजेडात चालणारी चारशेची सांगितली.

फोन ठेवला तर पलंगावरून नानांनी विचारलं, "कोनती?"

"चारशेनी."

ते पंख्याकडे बघत म्हणाले, "म्हंजे आते माले भायेर नही बसाडशी तू."

तेव्हापासून सारखं वाटतंय, दुकानदाराला परत फोन करावा आणि शंभरचीच सांगावी. आतल्या खोलीत फोटो काळे येतील. येऊ देत.

तुम्ही कोणती मागवली असती?